आज्ञावलीचे सांधे

गणकयंत्राविषयी लोकांत एक समजूत दृढ झालेली आहे. हे यंत्र रागावत नाही, थकत नाही, विसरत नाही. म्हणून एकच काम दोन यंत्रांना सांगितले तर दोन्ही यंत्रे ते सारखेच पार पाडतील, असे आपण गृहीत धरतो. बेरीज-गुणाकारापुरते हे गृहीत फारसे धोक्याचे नाही. परंतु माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रावर चालण्याजोगी करण्याची जी प्रक्रिया आहे, तिच्यात वेगळाच अनुभव येतो. एक यंत्र काम निमूटपणे पुरे करते आणि शेजारचे यंत्र तोच मजकूर, एका अक्षराचाही फरक नसताना, नाकारते. असे का होते, ते या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ कारागिरांच्या सोयीचा नाही. हवामानाचे अंदाज, पुलांची गणिते, औषधांच्या चाचण्यांचे हिशेब ही सारी कामे आज आज्ञावल्यांवर सोपवलेली आहेत. एका प्रयोगशाळेने काढलेले उत्तर दुसरीला पडताळून पाहता आले पाहिजे, ही शास्त्राची जुनी अट आहे. पहिल्या प्रयोगशाळेची आज्ञावली दुसरीच्या यंत्रावर उभीच राहिली नाही, तर पडताळा घ्यावयाचा कशाचा?

उदाहरण लहानच घेऊ. लंबकाची लांबी दिली असता त्याच्या एका दोलनास किती वेळ लागतो, हे शाळेच्या पदार्थविज्ञानात शिकवतात. लांबीला गुरुत्वत्वरणाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ‘पाय’च्या दुपटीने गुणावे. ‘सी’ या भाषेत ही कृती आठ-दहा ओळींत लिहिता येते. वर्गमूळ कसे काढावयाचे हे लिहिणाऱ्याला स्वतः सांगावे लागत नाही. ‘एसक्यूआरटी’ हे नाव लिहिले की पुरे. त्या नावाची तयार कृती यंत्रावर अगोदरच ठेवलेली असते. या आज्ञावलीच्या फायलीला आपण ‘लंबक.सी’ म्हणू.

समजा, २०११ साली एका शिक्षकाने डेबियन ६.० ही प्रणाली असलेल्या यंत्रावर पुढील आज्ञा दिली. मूळ आज्ञा रोमन लिपीत द्यावी लागते. येथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहे.

जीसीसी -एलएम लंबक.सी

‘जीसीसी’ हे सी भाषेतील मजकुरापासून चालण्याजोगी आज्ञावली घडवणाऱ्या साधनाचे नाव, आणि ‘-एलएम’ म्हणजे ‘गणिती कृतींचा संग्रह सोबत घे’ ही सूचना. आज्ञावली तयार झाली, चालली, आणि १ मीटर लांबीच्या लंबकासाठी (गुरुत्वत्वरण ९.८ धरून) तिने २.००७ सेकंद हे उत्तर दिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उबुंटू ११.१० ही प्रणाली प्रसिद्ध झाली. उबुंटू डेबियनच्याच पायावर उभारलेली असल्याने या दोघींचे नाते मायलेकीचे म्हणावे लागेल. एका विद्यार्थ्याने तीच फाईल या नव्या प्रणालीच्या यंत्रावर नेली, तीच आज्ञा दिली, आणि त्याला उत्तराऐवजी तक्रार मिळाली: ‘एसक्यूआरटी’ या नावाचा निर्देश आहे, परंतु त्याची व्याख्या सापडत नाही.

अशा वेळी नवशिका माणूस प्रथम फाईल पुन्हा टंकून पाहतो. मग त्याला वाटते की, या यंत्रावर गणिती संग्रहच नसेल. तो शोधतो, तर संग्रह जागच्या जागी असतो. ज्या वस्तूची उणीव सांगितली जात आहे ती समोर दिसते आहे, आणि तरीही यंत्र ‘नाही’ म्हणते. कोडे पडते ते येथे.

तक्रार कोणाची?

कोडे सोडवावयाचे तर तक्रार कोणी केली हे आधी पाहिले पाहिजे. जीसीसी या एका नावाआड अनेक कामकरी असतात. त्यांतला मुख्य म्हणजे कंपायलर. तो सी भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. म्हणजे तो आमच्याच धंद्यातला, भाषांतरकार. त्याच्यापुढे ‘एसक्यूआरटी’ हे नाव आले की, त्याच्या अंगी नसलेले शहाणपण तो दाखवीत नाही. त्या जागी तो एक रिकामी खूण सोडतो आणि फायलीतील एका यादीत नोंद करतो की, हे नाव मला अपरिचित आहे, पुढे कोणीतरी पुरवावे. भाषांतरकारांनी घेण्यासारखा हा गुण आहे.

ही अर्धवट फाईल मग लिंकरच्या हाती जाते. लिंकर म्हणजे जोडणारा. निरनिराळ्या फायलींचे तुकडे एकापुढे एक मांडणे, प्रत्येकाला स्मृतीतील जागा नेमून देणे आणि रिकाम्या खुणांच्या ठिकाणी खरे पत्ते भरणे हे त्याचे काम. आपल्या उदाहरणातील तक्रारीची शेवटची ओळ पाहिली तर ‘एलडी’ असफल झाल्याचे तिच्यात म्हटलेले असते. एलडी हे या लिंकरचेच नाव. भाषांतर बिनचूक झाले होते. मोडला तो सांधा.

येथे शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्याला मी ‘संग्रह’ म्हणतो त्याला इंग्रजीत लायब्ररी म्हणतात. ‘ग्रंथालय’ हा शब्द सहज हाती येण्याजोगा होता. पण ग्रंथालयातून एकाने पुस्तक नेले की दुसऱ्याला थांबावे लागते. येथे तसे काही होत नाही. म्हणून ‘संग्रह’ हा शब्द पत्करला.

फितींचे कपाट आणि आठवड्याचा बाजार

सांधेजोडीची ही कल्पना गणकयंत्राइतकीच जुनी आहे. १९४७ साली जॉन मॉक्ली याने एका परिषदेत सादर केलेल्या निबंधात, तयार उपकृती फितीवर साठवाव्यात आणि हव्या त्या उचलून मुख्य आज्ञावलीशी जोडाव्यात, असा विचार मांडला होता. केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र १९४९ च्या मे महिन्यात चालू झाले, तेव्हा हा विचार प्रत्यक्षात आला. तेथे उपकृतींच्या छिद्रांकित कागदी फिती एका कपाटात लावून ठेवलेल्या असत. ज्याला वर्गमूळ हवे त्याने त्या कृतीची फीत कपाटातून काढावयाची आणि तिची छिद्रे यंत्राच्या साहाय्याने आपल्या फितीवर उतरवून घ्यावयाची. म्हणजे निवडीचे आणि मांडणीचे काम माणूसच करीत होता. राहता राहिला पत्त्यांचा हिशेब, कारण उपकृती स्मृतीत कोणत्या जागी जाऊन पडेल हे आधी ठाऊक नसते. ते काम डेव्हिड व्हीलर या तरुणाने रचलेल्या आरंभीच्या मोजक्या आज्ञा करीत. यंत्र सुरू होताच त्या प्रथम चालत आणि फीत वाचता वाचता पत्ते दुरुस्त करीत जात. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर ग्रंथच लिहिला. पुढे १९५२ मध्ये ग्रेस हॉपर हिने युनिव्हॅक यंत्रासाठी ‘ए-०’ ही रचना सिद्ध केली. तिच्यात क्रमांक सांगितला की उपकृती चुंबकीय फितीवरून आपोआप उचलली जाई. हॉपरने तिला कंपायलर म्हटले. आजच्या परिभाषेत ती लिंकरला अधिक जवळची आहे.

आपल्या कोड्याशी ज्याचा थेट संबंध आहे, तो नियम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीबरोबर रूढ झाला. त्या काळी यंत्राची स्मृती तुटपुंजी असे. सर्व संग्रहांतील सर्व नावे एकदम ध्यानात ठेवणे परवडत नसे. म्हणून लिंकरने आज्ञेत दिलेल्या फायली आणि संग्रह डावीकडून उजवीकडे, एकेकदाच, वाचावयाचे असे ठरले.

आठवड्याच्या बाजाराची कल्पना करा. हातात यादी घेऊन एक माणूस बाजाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला आहे. मागे वळावयाचे नाही, ही अट. वाण्याच्या दुकानापुढून जाताना यादीत हळद असेल तर तो हळद घेईल. पण दुकान मागे पडल्यावर कोणी यादीत हळद लिहिली, तर ती त्याला मिळणार नाही. लंबक.सी ही यादीत ‘एसक्यूआरटी’ लिहिणारी फाईल आहे आणि गणिती संग्रह हे दुकान. वर दिलेल्या आज्ञेत दुकान आधी आहे आणि यादी नंतर.

संग्रहांतील कृतींचा आपापसांतही असाच क्रम लावावा लागे: दुसरीला हाक मारणारी कृती आधी, जिला हाक मारली ती नंतर. हा क्रम लावण्यासाठी युनिक्समध्ये ‘एलऑर्डर’ आणि ‘टीसॉर्ट’ अशी दोन साधनेच होती. पहिले साधन कोणाला कोण लागते याच्या जोड्या काढी; दुसरे त्या जोड्यांवरून रांग लावी. पुढे संग्रहाच्या आरंभी नावांची अनुक्रमणी जोडण्याची सोय झाली आणि एलऑर्डरची गरज उरली नाही. टीसॉर्ट मात्र अजून पुष्कळ यंत्रांवर सापडते. ते मुळात कशासाठी जन्मले हे ते वापरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

मग पहिल्या यंत्रावर काम झाले कसे?

नियम इतका जुना असेल तर डेबियनच्या यंत्रानेही तक्रार करावयास हवी होती. तिने का केली नाही? येथे संग्रहांच्या दोन जाती ध्यानात घ्याव्या लागतात. एका जातीच्या संग्रहातून लिंकर हवी ती कृती उचलून आज्ञावलीत कायमची घालतो. वर सांगितलेला क्रमाचा नियम या जातीला दोन्ही यंत्रांवर लागू आहे. दुसरी जात सामायिक संग्रहांची. त्यांच्यातून काहीच उचलले जात नाही. ‘चालवताना अमुक संग्रह लागेल’ एवढी नोंद आज्ञावलीत केली जाते, आणि आज्ञावली सुरू होताना दुसरा एक कामकरी तो संग्रह स्मृतीत आणतो. म्हणजे माल घरी न आणता वाण्याकडे खाते उघडावयाचे.

जुनी रीत अशी की, वाटेत लागणाऱ्या प्रत्येक सामायिक दुकानात खाते उघडावयाचे, गरज असो वा नसो. त्यामुळे हळदीची आठवण उशिरा झाली तरी अडत नसे. खाते उघडलेलेच असे. डेबियनच्या यंत्राने केले ते हेच. उबुंटू ११.१० मध्ये जीसीसी लिंकरला न सांगता एक जादा सूचना देऊ लागले. तिचे नाव ‘ॲज-नीडेड’, म्हणजे ‘गरजेपुरते’. दुकान समोर येईल त्या क्षणी यादीत त्याच्याकडची एखादी वस्तू असेल तरच खाते उघडावयाचे, नाहीतर पुढे चालावयाचे. गणिती संग्रह समोर आला तेव्हा यादी कोरी होती. लिंकर पुढे गेला. मग लंबक.सी आली, ‘एसक्यूआरटी’ची मागणी नोंदली गेली, आणि दुकान मागे पडलेले होते.

हे कारण हाती लागले म्हणजे सोपे वाटते. पण ते शोधावयाचे कसे? तपासाला तीन साधने पुरतात. पहिले ‘एनएम’. हे अर्धवट फायलीतील नावांची यादी दाखवते. ज्या नावापुढे रोमन ‘यू’ हे अक्षर असते ते व्याख्येविना राहिलेले. लंबकाच्या फायलीत ‘एसक्यूआरटी’पुढे हे अक्षर दोन्ही यंत्रांवर दिसते, म्हणजे कंपायलरच्या कामात भेद नाही हे सिद्ध होते. दुसरे साधन ‘रीड-एल्फ’. तयार झालेल्या आज्ञावलीत कोणकोणत्या संग्रहांची नोंद आहे ते याने कळते. पहिल्या यंत्रावर तयार झालेल्या आज्ञावलीत गणिती संग्रहाची नोंद सापडते. तिसरा उपाय सर्वांत उपयुक्त, आणि लोक त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळतात. जीसीसीला ‘-व्ही’ ही खूण दिली की, ते लिंकरला प्रत्यक्षात दिलेली संपूर्ण आज्ञा छापते. आपण टंकलेली आज्ञा तीन शब्दांची. छापून येते ती कित्येक ओळींची. दोन्ही यंत्रांवरील या लांबलचक आज्ञा शेजारी शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहिल्या की, ‘ॲज-नीडेड’ हा शब्द एकीत आहे आणि दुसरीत नाही, हे डोळ्यांत भरते. दोन्ही यंत्रांना आपण एकच आज्ञा दिली, हा आपला समज होता. लिंकरपर्यंत पोचलेल्या आज्ञा दोन होत्या.

उपाय एका ओळीचा आहे:

जीसीसी लंबक.सी -एलएम

आधी यादी, मग दुकान. ही आज्ञा दोन्ही यंत्रांवर चालते.

मोठ्या आज्ञावल्यांत मात्र दुरुस्ती इतकी स्वस्त नसते. त्यांची बांधणी ‘मेक’ नावाच्या साधनावर सोपवलेली असते, आणि मेकच्या ठराविक नियमात दोन जागा राखून ठेवलेल्या आहेत: ‘एलडीफ्लॅग्ज’ फायलींच्या आधी येते, ‘एलडीलिब्ज’ फायलींच्या नंतर. पहिली जागा लिंकरच्या सर्वसाधारण सूचनांची, दुसरी संग्रहांची. जुनी रीत चालत होती तोवर पुष्कळांनी संग्रहांची नावे पहिल्या जागी लिहून ठेवली होती, आणि त्यांना कधी शिक्षा झाली नव्हती. नवा नियम आला आणि अशा आज्ञावल्या ओळीने मोडल्या. काहींनी नावे योग्य जागी हलवली; काहींनी ‘नो-ॲज-नीडेड’ ही उलट सूचना घालून जुनी रीत परत मिळवली. तातडीच्या वेळी दुसरा मार्ग क्षम्य आहे. पण तो पत्करणाऱ्याने घरातली गळती बादली लावून थांबवली, कौल बदलले नाही, असे माझे मत आहे.

उबुंटूने हा उपद्रव ओढवून का घेतला, असा प्रश्न वाचकांना पडेल. आज्ञावल्या न लागणाऱ्या संग्रहांचीही खाती उघडून बसत, हे त्याचे कारण. आज्ञावली सुरू होताना ते सारे संग्रह स्मृतीत आणावे लागत. शिवाय एखाद्या संग्रहाची विसंगत नवी आवृत्ती निघाली की, ज्यांचा त्याच्याशी केवळ नावापुरता संबंध, त्या आज्ञावल्याही पुन्हा बांधाव्या लागत. प्रणाली सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने हा व्यर्थ श्रम होता.

फेडोरा या दुसऱ्या प्रणालीने याच सुमारास, २०१० च्या आपल्या १३ व्या आवृत्तीत, वेगळ्या एका सवलतीला आळा घातला होता. आज्ञावलीने ‘क’ या संग्रहाचे नाव घ्यावयाचे आणि ‘क’ला लागणाऱ्या ‘ख’मधील कृती, ‘ख’चे नाव न घेता, वापरावयाच्या, हा प्रकार तोवर चालून जात असे. मित्राच्या ओळखीवर त्याच्या मित्राकडे उधारी करण्यासारखेच हे. मधल्या मित्राचे संबंध तुटले की आपली उधारीही तुटते. २०११ च्या नोव्हेंबरात निघालेल्या लिंकरच्या २.२२ या आवृत्तीने हाच कडक नियम सर्वांसाठी मूळ नियम केला.

फसवे अपवाद

शोध घेणाऱ्याची दिशाभूल करणारे काही प्रकार मुद्दाम सांगण्याजोगे आहेत. लंबकाची लांबी विचारून न घेता आज्ञावलीतच १ मीटर अशी लिहून टाकली, तर जीसीसीचा कंपायलर वर्गमूळ स्वतःच काढून मोकळा होतो आणि उत्तराचा आकडा फायलीत लिहितो. ‘एसक्यूआरटी’ची मागणीच उरत नाही, गणिती संग्रहाचे नाव न घेताही बांधणी सफल होते. पुढे लांबी वापरणाऱ्याकडून घ्यावयाची असा निरुपद्रवी बदल केला की तक्रार उभी राहते, आणि विद्यार्थी त्या नव्या ओळीत चूक शोधू लागतो. ॲपलच्या मॅकिंटॉश यंत्रांवर गणिती कृती प्रणालीच्या मुख्य संग्रहातच सामावलेल्या असतात. तेथे ‘-एलएम’ विसरले तरी चालते. मॅकवर शिकलेल्या माणसाला लिनक्सच्या यंत्रावर ही अडचण प्रथम भेटते, ती यामुळेच.

उलट दिशेचाही प्रकार आहे. लिनक्स प्रणालींच्या मूळ सी-संग्रहाची २.३४ ही आवृत्ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये निघाली. एकाच आज्ञावलीत अनेक कामे समांतर चालवण्याच्या कृती तोवर निराळ्या संग्रहात असत. या आवृत्तीत त्या मुख्य संग्रहात विलीन झाल्या. नव्या यंत्रावर त्या संग्रहाचे नाव न घेता बांधणी होते. तीच फाईल जुन्या यंत्रावर नेली की मोडते. नवे यंत्र चुकते आणि जुने बरोबर असते, किंवा याच्या उलट, असा एकच निर्णय या विषयात देता येत नाही, तो यामुळे.

आणि आता लिंकरही एक राहिलेला नाही. एलएलव्हीएम प्रकल्पातील ‘एलएलडी’ हा लिंकर २०१८ च्या डिसेंबरात निघालेल्या फ्रीबीएसडी १२.० मध्ये ६४ बिटी इंटेल-जातीच्या यंत्रांवर नेहमीचा लिंकर झाला. त्याच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या रुई उएयामा यांनी पुढे ‘मोल्ड’ हा आणखी वेगवान लिंकर रचला, त्याची १.० ही आवृत्ती २०२१ च्या डिसेंबरात आली. आजच्या यंत्रांना स्मृतीची टंचाई नाही. म्हणून एलएलडी मागे पडलेल्या दुकानांत काय काय मिळते हे ध्यानात ठेवतो आणि मागणी उशिरा आली तरी ती भागवतो. शिक्षकाची मूळ आज्ञा, दुकान आधी आणि यादी नंतर असलेली, एलएलडीच्या हाती दिली तर ‘गरजेपुरते’ ही सूचना असूनही ती सफल होते. याचा अर्थ, ज्याच्याकडे एलएलडी आहे त्याला आपला क्रम चुकला आहे हे कधी कळणारच नाही, आणि त्याची आज्ञावली जुन्या लिंकरच्या यंत्रावर गेली की तेथील अनोळखी माणसाला ते कळेल. हे ओळखून एलएलडीच्या कर्त्यांनी त्यात ‘वॉर्न-बॅकरेफ्स’ नावाची एक ऐच्छिक सूचना ठेवली आहे. ती दिली असता, क्रमाचा नियम कडक असलेल्या पहिल्या जातीच्या संग्रहांच्या बाबतीत, एलएलडी जोडणी पुरी करतोच. पण कोणती मागणी भागवण्यासाठी आपल्याला मागे वळून पाहावे लागले, त्या नावांचा इशाराही छापतो.